हो, ते यंत्र बंद पडलं होतं

नमस्कार,

शाळांमधल्या पिण्याच्या पाण्यासाठी निधी जमवण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही नाव न देता भलीमोठी प्रतिक्रिया टाकलीत. तुमचे आक्षेप तीन. पाणी देणं हे सरकारचं काम, तुमच्यासारखे लोक मध्ये पडून सरकारला मोकळं सोडतात. देणगीतून बसवलेली यंत्रं दोन वर्षांत भंगारात जातात. आणि तहानलेल्या मुलांचे फोटो दाखवून पैसे मागणं म्हणजे इस्त्रीच्या कपड्यांतली भीक. चार दिवस मी गप्प राहिले, कारण दुसऱ्या आक्षेपाला सरळ 'हो' म्हणायचं होतं आणि ते जरा जड गेलं.

तर, हो. माझ्या पहिल्या निधीतून आम्ही एका शाळेत पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. स्टीलची टाकी, चार तोट्या, वर देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक. दीड वर्षाने मी न कळवता तिथे गेले. खोलीला कुलूप. किल्ली सापडेपर्यंत अर्धा तास गेला. आत मोडकी बाकं रचून ठेवलेली, तोटी फिरवली तर नुसतं फुस्स. बिघाड म्हणाल तर काहीच नव्हता, कार्ट्रिज, म्हणजे आतली गाळणी, बदलायची वेळ उलटून गेली होती एवढंच. त्याचा खर्च कोणी आणि कशातून करायचा, हे शाळेला आम्ही सांगितलंच नव्हतं. सांगणार कुठून, आम्हालाच सुचलं नव्हतं. फलक मात्र लख्ख पुसलेला. बाहेर व्हरांड्यात एक मुलगी बाटलीच्या झाकणात पाणी ओतून घोट घोट पीत होती. मला वाटलं, खेळतेय. ती म्हणाली, "असं प्यायलं की शाळा सुटेपर्यंत पुरतं."

म्हणजे तुमचं निदान बरोबर आहे. त्यावरचा तुमचा उपाय मात्र, 'पैसे देणंच बंद करा', मला पटत नाही.

तुम्ही दिलेलं प्लेपंपचं उदाहरणच घेऊ. मुलांनी चक्रावर बसून गोल फिरायचं आणि त्या जोरावर जमिनीतलं पाणी टाकीत चढायचं, अशी ती कल्पना. 2006 मध्ये तिच्यासाठी मोठा निधी जाहीर झाला, आफ्रिकेत 4000 पंपांचं लक्ष्य ठरलं. पुढे एका वृत्तपत्राने गणित मांडलं : एका पंपाने 2500 माणसांना पाणी द्यायचं तर मुलांना रोज 27 तास खेळावं लागेल! मुलं दमून निघून गेली की बायकांना ते चक्र हातांनी फिरवत बसावं लागे. पण दोष देणाऱ्याच्या उदारपणात नव्हता. साधा हातपंप छायाचित्रात चांगला दिसत नाही, खेळणारी मुलं दिसतात, आणि पैसा दिसण्याच्या मागे गेला.

हातपंपांचीही रड आहेच. 2009 मध्ये रुरल वॉटर सप्लाय नेटवर्क या ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांचे आकडे एकत्र केले, तेव्हा सुमारे 36 टक्के हातपंप बंद निघाले. त्यातल्या कित्येकांचं दुखणं अगदी किरकोळ असतं. वायसर झिजतो, रॉड तुटतो. भाग स्वस्त असतो, पण तो आणायला जाणारा माणूस आणि ते खोलायचा पाना, दोन्ही गावात नसतात.

याहून मला जास्त घाबरवतं ते बांगलादेशचं उदाहरण, जे तुम्ही घेतलं नाहीत. तळ्यांचं घाण पाणी पिऊन मुलं जुलाबाने दगावत होती, म्हणून 1970 च्या दशकापासून तिथे नळकूप, म्हणजे जमिनीत नळी उतरवून वर हातपंप बसवलेल्या विहिरी, खोदले गेले. युनिसेफही त्यात होती. हेतू चोख, पाणी नितळ. 1993 मध्ये कळलं की त्यात आर्सेनिक हे विष आहे. त्याला चव नाही, वास नाही. उकळलं तरी जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. जंतू मारणारं क्लोरीनही त्याचं काही वाकडं करू शकत नाही. शेवटी नळकूप तपासून रंगवले गेले : हिरवा म्हणजे प्या, लाल म्हणजे नको. तेव्हापासून माझा क्रम पक्का झाला. आधी पाण्याची तपासणी, मग यंत्राची निवड. आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे, फ्लोराइडसाठी 1.5 मिलिग्रॅम. हे दोन्ही ठीक असतील आणि दोष फक्त जंतूंचा असेल, तर पाणी नितळ करून क्लोरीन घालून भागतं. तिथे आरओ (बारीक पडद्यातून पाणी गाळून उरलेलं बाहेर टाकणारं यंत्र) बसवणं म्हणजे चांगलं पाणी गटारात सोडण्यासाठी वर्गणी काढणं.

आता पैशाचं सांगते, कारण तुमचा खरा राग तिथे आहे असं मला वाटतं. आता मी शंभरातले चाळीस बाजूला ठेवते : पुढच्या पाच वर्षांचे सुटे भाग, टाकीची सफाई, वर्षातून दोनदा तपासणी, आणि शाळेतल्या एका माणसाला त्याचं मानधन. देणगीदारांना हे आधीच सांगते. काही जण नाराज होतात. "आमच्या पैशातून काय उभं राहिलं ते दाखवा" म्हणतात. पाच वर्षांनंतरचा वायसर फोटोत कसा दाखवणार? निधी पूर्वीपेक्षा हळू जमतो, हे कबूल.

वस्तू देणारेही असतात. एका सद्गृहस्थांनी तीनशे मुलांच्या शाळेसाठी दोन घरगुती फिल्टर पाठवले. वसतिगृह नसलेल्या शाळेत माणशी रोज 5 लिटर हा आरोग्य संघटनेचा हिशेब, म्हणजे दीड हजार लिटर. शिवाय तोट्या किती? एका मुलाला वीस सेकंद धरली तर वीस मिनिटांच्या सुट्टीत एका तोटीवर साठच मुलं पितात. तीनशेंना पाच तोट्या हव्यात. नाहीतर मोठी मुलं पितात आणि लहान तशीच वर्गात जातात. ते फिल्टर आता शिक्षकांच्या खोलीत आहेत. (तेही पाणीच पितात, असो.)

सरकारचं काम? निःसंशय. 28 जुलै 2010 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शुद्ध पाणी हा मानवी हक्क मानला, विरोधात एकही मत पडलं नाही. तरीही 2023 मध्ये जगातल्या 44 कोटी 70 लाख मुलांच्या शाळांत पिण्याच्या पाण्याची मूलभूत सोयसुद्धा नव्हती. आणि या 'मूलभूत'ची व्याख्या सुधारित स्रोत आणि पाहणीच्या दिवशी पाणी असणं, एवढीच आहे. ते पाणी तपासलेलं असेलच असं नाही. हक्क मागायला मी तुमच्यासोबत येईन. आमच्या तपासणीचे कागद आम्ही आता पालकांनाच देतो, अर्जाला जोडायला ते उपयोगी पडतात. पण अर्जाचा निकाल लागेपर्यंत ती मुलगी सातवीतून बाहेर पडलेली असेल.

फोटोंबद्दल वाद घालत नाही. मागच्या लेखातला तो फोटो मी काढून टाकला आहे. त्या मुलाला विचारलं नव्हतं.

राहिला तुमचा टोमणा, "नव्या शाळेतही फलक लागणारच ना?" नाही. त्या जागी छोटा काळा फळा लावलाय. टाकी कधी धुतली ती तारीख आणि आज क्लोरीन किती निघालं, हे दोन मुलं रोज खडूने लिहितात. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, गोळी टाकायची, गुलाबी रंग चढला की पट्टीशी ताडून पाहायचं. गेल्या सोमवारी रंग चढलाच नाही. सुट्टीभर पाणी टाकीत पडून होतं, त्यातलं क्लोरीन उडून गेलं होतं. मुलांनी फळ्यावर शून्य लिहिलं, तोट्या बांधून ठेवल्या आणि मुख्याध्यापकांना वर्गातून उठवून आणलं.