फॉलो केल्याने पासवर्ड जात नाही

नातेवाइकांच्या ग्रुपमधून फिरत फिरत तो फॉरवर्ड शेवटी मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि ती पिक्सेलफेडवरचं, म्हणजे इन्स्टाग्रामसारख्या एका फोटोंच्या साइटवरचं, खातं बंद करायला निघाली. तिथे ती बाल्कनीतल्या जास्वंदीचे फोटो टाकते, मी ते मस्टोडॉनवरून, म्हणजे ट्विटरसारख्या दुसऱ्याच एका साइटवरून, बघतो. फॉरवर्डचं म्हणणं असं: फेडिव्हर्समध्ये (अशा वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यात) दुसऱ्या सर्व्हरवरच्या कुणाला फॉलो केलं की तुमचा पासवर्ड त्या सर्व्हरकडे जातो, टाकलेलं कधीच पुसता येत नाही, कुणाचाच ताबा नसतो, आणि फोन नंबरासकट सगळं आपोआप मेटाला (फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवाल्या कंपनीला) मिळतं. वर उपायही आहे: 'खालच्या लिंकवर लॉगिन करून खातं सुरक्षित करा.'

आधी पासवर्ड. बाकीचं नुसतं अज्ञान आहे, यात मात्र कुणाचं तरी खातं जाईल.

मी मावशीला फॉलो केलं तेव्हा माझ्या सर्व्हरने तिच्या सर्व्हरला विचारलं, या नावाचं कुणी तुमच्याकडे आहे का? उत्तरात तिच्या प्रोफाइलचा पत्ता आला. त्या प्रोफाइलमध्ये तिच्या इनबॉक्सचा पत्ता असतो आणि एक पब्लिक की, म्हणजे सही तपासायची, सगळ्यांना दिसणारी किल्ली. माझ्या सर्व्हरने त्या इनबॉक्समध्ये फॉलोची विनंती टाकली, तिच्याकडून होकार आला. तेव्हापासून तिने फोटो टाकला की तिचा सर्व्हर माझ्या सर्व्हरला कळवतो. कुणी तिच्या नावाने खोटं काही घुसवू नये म्हणून प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असते: सही करायची प्रायव्हेट की तिच्या सर्व्हरवरच राहते, माझा सर्व्हर पब्लिक कीने ती सही तपासतो. यात पासवर्ड येतोच कुठे? तो लागतो फक्त तिच्या स्वतःच्या सर्व्हरवर लॉगिन करताना. पासवर्ड पळवायची जागा एकच, ती 'खालची लिंक'. लिहिणाऱ्याला हे पक्कं माहीत असावं, अशी मला दाट शंका आहे.

'कधीच पुसता येत नाही' हे अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. हे सर्व्हर ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपब प्रोटोकॉलने एकमेकांशी बोलतात, तो वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मानक म्हणून मंजूर केला. त्यात डिलीटचा निरोप आहे. पण तो मिळाल्यावर समोरच्या सर्व्हरने आपल्याकडची प्रत काढून टाकावी अशी अपेक्षा आहे, सक्ती नाही. सरळ वागणारे पुसतात, आडमुठे ठेवून देतात. मस्टोडॉनवरचे खासगी निरोपही एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, सर्व्हर चालवणारा ठरवलं तर वाचू शकतो. घाबरवायचंच होतं तर हे लिहायचं ना!

ताबा नाही म्हणे. प्रत्येक सर्व्हर कुणीतरी चालवत असतं आणि त्याला नको तो सर्व्हर तोडता येतो. २०१९ मध्ये गॅब, म्हणजे अतिउजव्यांचा अड्डा म्हणून ओळखलं जाणारं अमेरिकी सोशल नेटवर्क, मस्टोडॉनचं सॉफ्टवेअर घेऊन आलं. सॉफ्टवेअर खुलं, त्यामुळे त्यांना वापरू नका म्हणता येईना. मग अनेक सर्व्हरांनी गॅबला सरळ ब्लॉक केलं.

राहता राहिलं मेटा. त्यांच्या थ्रेड्स या ट्विटरसारख्या अ‍ॅपने मार्च २०२४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये फेडिव्हर्सशी जोडून घ्यायची सोय दिली, तीही जो स्वतः चालू करेल त्याच्यापुरती. तिथल्या कुणी मावशीला फॉलो केलं तर तिचे जास्वंदीचे फोटो मेटाकडे जातीलही. नंबर मात्र जाणार नाही, कारण पिक्सेलफेडवरचं खातं तिने ईमेलवर उघडलंय. तो नंबर मेटाकडे आहेच, व्हॉट्सअ‍ॅपमुळे. आणि थ्रेड्स नकोच असेल तर सर्व्हर चालवणाऱ्याला ते अख्खं ब्लॉक करता येतं, कित्येकांनी केलंही आहे.