प्रोबायोटिक घेतलं म्हणून इन्सुलिन सुटत नाही
इंदूरच्या आपल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की गरोदरपणात शुगर आली तर प्रोबायोटिक (म्हणजे पोटाला चांगल्या जिवाणूंच्या) कॅप्सूल घ्या न् इन्सुलिन सोडा, बाळाला बाधतं म्हणे. साफ चूक! वारेतल्या हार्मोन्समुळे आईवर इन्सुलिनचा असर कमी होतो म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं, आणि ते बाळापर्यंत जवळजवळ जातच नाही, आईची वाढलेली साखर मात्र सरळ पोचते. प्रोबायोटिकनं उपाशीपोटीच्या शुगरमध्ये फारसा फरक दिसलेला नाही, उलट कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात, शुगर होऊच नये म्हणून ते घेणाऱ्या गरोदर बायकांत प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे बीपी वाढायचा धोकादायक त्रास, जास्त आढळला. घरचं दही खा हो (जलेबीबरोबर नको), पण कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच, आणि इन्सुलिनचा डोस मनानं कमी करायचा नाही.