‘बेटकास्टर नवख्यांसाठी नाही’: या सल्ल्यातच खरा गुंता आहे

अमेरिकेत लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा धरायला निघालेल्या माणसाला दुकानात, धक्क्यावर, मित्रांत एक सल्ला हमखास ऐकू येतो. टेक्सासच्या तलावांवर जाणाऱ्या मराठी मंडळींच्याही तो कानावर पडतोच. तो बेटकास्टरबद्दल, म्हणजे फेकताना ज्याचं स्पूल (लाइन गुंडाळलेली चकरी) स्वतः फिरतं अशा मासेमारीच्या रीलबद्दल असतो. थोडक्यात तो असा: ‘नवख्याने स्पिनिंगच घ्यावं. बेटकास्टर मुरलेल्यांनीच वापरावं, त्यावर लाइनचा गुंता व्हायचाच. हौसच असेल तर हलक्या ल्युअरने (नकली आमिषाने) सुरुवात कर, बाजूचा नॉब घट्ट आवळ, ब्रेक पूर्ण चढव. रील घेताना बेअरिंग मोजून घे. ८:१ रेशोचंच घे, त्यात ताकद जास्त. लाइन ब्रेडेडच (विणलेल्या दोऱ्याचीच) भर, ती तुटत नाही. आणि ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की लाइन सोडणारी यंत्रणा) कायम लॉक ठेव.’

हा सल्ला तंतोतंत पाळणाऱ्याच्या रीलवर गुंता खरोखरच होतो. मग तोच गुंता दाखवून ‘बघ, सांगितलं होतं ना’ म्हटलं जातं. म्हणून एकेक मुद्दा उलगडून पाहू.

‘गुंता व्हायचाच’

पतंगाला ढील देताना फिरकी मोकळी सुटली तर काय होतं ते आठवा. पतंग मांजा ओढतो त्यापेक्षा फिरकी जोरात फिरली की मांजा सैल पडतो आणि अडकतो. बेटकास्टरचंही तसंच आहे. स्पिनिंग रीलचं स्पूल फेकताना जागचं हलत नाही, लाइन त्याच्या तोंडावरून सुटत जाते. बेटकास्टरचं स्पूल मात्र स्वतः फिरतं आणि त्याला फिरवतं ते उडणारं ल्युअर. ल्युअरचा वेग कमी झाला आणि स्पूल आधीच्याच वेगाने फिरत राहिलं की जास्तीची लाइन आत फुगते. बॅकलॅश म्हणतात तो हाच.

हे तीन ठिकाणी घडतं आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. पहिलं, फेकीच्या सुरुवातीला. हात झटक्याने पुढे आणला तर स्पूल क्षणात प्रचंड वेग घेतं आणि ल्युअर मागे पडतं. उपाय म्हणजे मागे नेताना रॉड वाकू द्यायचा आणि पुढची हालचाल एका लयीत करायची. दुसरं, हवेत. समोरून वारा आला की ल्युअर मंदावतं, तेव्हा ब्रेक दोन-तीन अंक वाढवायचा आणि फेक डोक्यावरून न टाकता बाजूने, पाण्यालगत टाकायची. तिसरं, ल्युअर पाण्याला टेकताना. इथे कोणताही ब्रेक पुरेसा नसतो. ल्युअर पाण्याच्या हातभर वर असतानाच अंगठा स्पूलवर टेकवून ते थांबवायचं.

गुंता स्पूलच्या वरच्या थरात पिसासारखा फुललेला असेल तर चूक सुरुवातीची किंवा वाऱ्याची. फेक जवळपास पूर्ण होऊन शेवटी सैल वेटोळी आली असतील तर अंगठा उशिरा पडला. एवढं ओळखता आलं तरी पुढच्या फेकीत काय बदलायचं ते कळतं. बहुतेक जण हे न पाहता सगळाच दोष रीलला देतात, ते चूक आहे.

केंटकीतल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने १९व्या शतकाच्या सुरुवातीला गिअरची रीलं बनवली. त्यांना आजच्यासारखे ब्रेक नव्हते, अंगठा हाच ब्रेक. आजचं साधं रीलसुद्धा त्या मानाने नवख्याला खूप सांभाळून घेतं.

आणि गुंता झालाच तर नखांनी एकेक वेटोळं उपसत बसू नका, त्याने गाठी घट्ट होतात. ड्रॅग आवळा, अंगठा स्पूलवर जोरात दाबून धरा आणि हँडल दोन-तीन वेळा फिरवा. अंगठ्याच्या दाबाखाली वर आलेली वेटोळी चपटी होऊन बसतात. मग अंगठ्याजवळची, स्पूल मोकळं करणारी पट्टी दाबा आणि लाइन हळूच ओढा. अडली तर पुन्हा तेच. चार-पाच वेळा केलं की बहुतेक गुंते सुटतात. नंतर ड्रॅग पुन्हा जागेवर आणायला विसरू नका.

‘हलक्या ल्युअरने सुरुवात कर’

नवख्याला मागे ओढणारं याहून मोठं वाक्य नाही. स्पूल फिरवायची ताकद ल्युअरच्या वजनातून येते. ५ ग्रॅमचं ल्युअर नेहमीच्या बास रीलवर लावलं तर स्पूल नीट फिरवण्यापुरता ओढा मिळत नाही, मग माणूस हात झटकतो आणि सुरुवातीचाच गुंता पदरात पडतो. सुरुवात १४ ग्रॅमने, म्हणजे अर्ध्या औंसाने करावी. त्यातही आकार पाहावा. जिभेविना, आटोपशीर अंगाचं लिपलेस क्रँकबेट (पाण्यात ओढत आणायचं माशाच्या आकाराचं ल्युअर) सरळ जातं, तर पातळ, चौकोनी जिभेचं, म्हणजे तोंडापुढे पट्टी असलेलं क्रँकबेट तेवढ्याच वजनाचं असूनही हवेत फडफडतं आणि मधेच मंदावतं.

वजनाचा रॉडशीही मेळ लागतो. मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. ¼ ते ¾ औंस लिहिलेल्या रॉडला अर्धा औंस मधोमध बसतो. पहिला रॉड म्हणून ७ फुटी, मीडियम-हेवी ताकदीचा, फास्ट टोकाचा, म्हणजे फक्त टोकाशी वाकणारा घ्यावा. जिग, टेक्सास रिग, स्पिनरबेट या बासच्या नेहमीच्या तिन्ही मांडण्या त्यावर चालतात. क्रँकबेट जास्त वापरायचं असेल तर मध्यापर्यंत वाकणारा मॉडरेट रॉड बरा. क्रँकबेटच्या तीन टोकांच्या बारीक गळांना कडक रॉडचा हिसका सोसत नाही.

‘नॉब घट्ट, ब्रेक पूर्ण’

या वाक्यात अर्धं खरं आहे. पहिल्या दिवशी ब्रेक वरच्या आकड्यावर ठेवणं योग्यच. पण नॉब आणि ब्रेक ही एकच गोष्ट समजली जाते, तिथे घोळ होतो.

हँडलच्या बाजूचा छोटा नॉब स्पूलच्या दांड्याला टोकाकडून दाबतो. तो दाब फेकीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखाच राहतो. दुसऱ्या बाजूच्या झाकणातले ब्रेक वेगाप्रमाणे कमीजास्त होतात. सेंट्रिफ्यूगल ब्रेकमध्ये छोट्या गुटक्या असतात, स्पूल जोरात फिरलं की त्या बाहेर सरकून कड्याला घासतात. चुंबकी ब्रेकमध्ये काहीच घासत नाही. अॅल्युमिनियमचं स्पूल चुंबकांजवळ फिरताना त्यात विजेचे प्रवाह तयार होतात आणि तेच त्याला मागे खेचतात. दोन्हींत वेग जास्त तेव्हा रोध जास्त, आणि वेग उतरला की तो आपोआप सैलावतो. नॉब आवळून ठेवला तर ही सगळी सोय वाया जाते. फेक १५ मीटरवर मरते, माणूस जोर वाढवतो, आणि वाढलेला जोर झटक्याच्या रूपाने पुन्हा गुंत्याकडे नेतो.

लावायची रीत अशी. ल्युअर बांधा, रॉडच्या टोकाखाली वीतभर लोंबू द्या, अंगठा स्पूलवर ठेवून पट्टी दाबा आणि अंगठा उचला. ल्युअर सावकाश खाली गेलं पाहिजे, आणि जमिनीला टेकताच स्पूल जवळपास थांबलं पाहिजे. ही पहिल्या दिवसाची जुळणी. ब्रेक १० पैकी ८ वर ठेवा. २० फेकी स्वच्छ गेल्या की नॉब थोडा सैल करा. स्पूल अंगठ्याने आडवं हलवलं तर खडखडू नये, पण त्यावर जादा दाबही नसावा. एकदा तिथे आला की नॉब विसरून जा आणि पुढची सगळी जुळणी ब्रेकवर करा, ८वरून ७, मग ६. आतल्या गुटक्या हाताने चालू-बंद करायच्या असतील तर समोरासमोरच्या दोन-दोनच करा, म्हणजे तोल राहतो. ल्युअर बदललं की जुळणी पुन्हा तपासायचीच.

शिमानोच्या डीसी रीलमध्ये स्पूलचा वेग पाहून ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. वाऱ्यात ती खरंच मदत करते. पाण्याला टेकतानाचा अंगठा तिच्यावरही लागतो.

‘बेअरिंग मोजून घे’

मोजण्यात अर्थ नाही. फेकीला उपयोगी पडतात ती स्पूलला आधार देणारी दोन-तीन. उरलेली हँडलच्या मुठींत, गिअरपाशी असतात, आणि ‘१०+१’मधलं ते १ हँडल उलटं फिरू न देणारं असतं. स्वस्त १२ बेअरिंगपेक्षा चांगली ५ बरी. स्पूलच्या बेअरिंगला अधूनमधून पातळ तेलाचा एकच थेंब द्या. तिथे ग्रीस भरलं की फेक लगेच आखूड होते.

‘८:१ मध्ये ताकद जास्त’

नेमकं उलट. ८:१ म्हणजे हँडलचा एक फेरा, स्पूलचे आठ फेरे. भरलेल्या स्पूलचा व्यास ३४ मिलिमीटर धरला तर घेर सुमारे १०७ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात जवळपास ८५ सेंटीमीटर लाइन आत येते. तेच ५.४:१ वर ५८ सेंटीमीटर. हँडल आणि हाताचा जोर तोच ठेवला तर ८:१ वर मिळणारी ओढ एक-तृतीयांशाने कमी असते. सायकलचा मोठा गिअर चढावर जड जातो, तसंच हे.

म्हणून रुंद जिभेचं, खोल जाणारं क्रँकबेट पाण्यात जोरात ओढ देतं तेव्हा ५ ते ५.५ चं रील मनगट वाचवतं. ८:१ वर ते दिवसभर ओढलं तर हात भरून येतो, शिवाय नकळत वेग वाढून क्रँकबेट आडवं पडतं. जिग आणि टेक्सास रिगची गोष्ट वेगळी. तिथे काम रॉड करतो, रील फक्त सैल लाइन गोळा करतं. मासा आमिष घेऊन आपल्याच दिशेने पळाला तर ८:१ खरंच कामाचं. एकच रील घ्यायचं असेल तर ६.५ ते ७ च्या आसपासचं घ्यावं. स्पूल रिकामं होत गेलं की वेगही घटतो हे लक्षात असू द्या. तोच व्यास २८ मिलिमीटरवर आला की ७:१ चं रीलसुद्धा ७५ ऐवजी ६२ सेंटीमीटरच ओढतं.

‘ब्रेडेडच भर’

पहिल्या महिन्याला १२ ते १५ पाउंडी (तेवढा ओढा सोसणारी) मोनो भरावी, म्हणजे आपला नायलॉनचा तंगूसच. ती मऊ असते, थोडी ताणते, गुंता झाला तर सुटते, आणि नाहीच सुटली तर कापून टाकायला जीव तुटत नाही. ब्रेडेड ताकदीच्या मानाने बारीक असते. ३० पाउंडी ब्रेडेड साधारण ८ पाउंडी मोनोइतकीच जाड, त्यामुळे गळ झाडात अडकल्यावर जोरात ओढलं की ती खालच्या थरांत रुतते. पुढची फेक तिथेच थांबते आणि ल्युअर तुटून निघून जातं. ‘तुटत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं, पण त्याचा दोष ते गाठीला देतात.

गुळगुळीत धातूच्या स्पूलवर ब्रेडेड सरळ बांधली तर सगळा गठ्ठाच घसरून फिरतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखं वाटतं. खाली मोनोचे काही वेढे द्या, मग ब्रेडेड. कोणतीही लाइन स्पूलच्या कडेपासून सुमारे ३ मिलिमीटर खालीच थांबवा. कडेपर्यंत भरली की सैल वेटोळी बाजूच्या फटीत शिरतात.

‘ड्रॅग लॉक ठेव’

हायड्रिलासारख्या दाट पाणवनस्पतीवरून बेडकाचं ल्युअर ओढत असाल, ५० ते ६५ पाउंडी ब्रेडेड असेल, तर ड्रॅग जवळपास लॉक हवाच. मासा खाली शिरला तर सुटत नाही. महाराष्ट्रात मरळ धरणारे बेडूक आणि जाड ब्रेडेड वापरतात त्यामागचं कारणही हेच. पण हा एका जागेचा नियम आहे.

उघड्या पाण्यात, १५ पाउंडी मोनोवर ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्के, म्हणजे पावणेदोन ते दोन किलोंवर सुटावा. सामान मोजायचा हुक-काटा लाइनला लावून ओढा आणि हँडलमागची ड्रॅगची चांदणी फिरवून त्या आकड्यापर्यंत आणा. लॉक ड्रॅगवर मोठा बास उडी मारताना डोकं झटकतो तेव्हा गळाचं भोक रुंदावतं आणि गळ निसटतो. डॅलसच्या पूर्वेला, बुडालेल्या झाडांनी भरलेल्या लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडावाच लागतो. त्याचं तोंड फाडून सोडण्यात काय अर्थ?

‘नवख्याने स्पिनिंगच घ्यावं’

७ ग्रॅमखालच्या ल्युअरसाठी, ड्रॉपशॉटसाठी (गळाखाली वजन लोंबणाऱ्या मांडणीसाठी), मधोमध गळ अडकवलेल्या मऊ किड्यासाठी स्पिनिंगच चांगलं, मुरलेल्यालासुद्धा. तिथे बेटकास्टरचा हट्ट धरू नये. जड ल्युअर झाडाच्या बुंध्याशी नेमकं टाकायचं असेल तर अंगठ्याने फेक हवी तिथे थांबवता येणारं बेटकास्टर पुढे जातं. निवड ल्युअरवरून करायची, अनुभवाच्या वर्षांवरून नाही.

सराव अंगणात किंवा मैदानात होतो. गळ नसलेलं १४ ग्रॅमचं वजन बांधा. फेकताना मनगट असं वळवा की रीलचं हँडल वर येईल. आधी अंतर सोडून द्या, १० मीटरवर एक बादली ठेवा आणि वजन तिच्याशेजारी अलगद उतरेल एवढंच पाहा. मोठ्या गुंत्याची धास्ती असेल तर २५ मीटर लाइन सोडा, आणखी ५ मीटर ओढा, स्पूलवर उरलेल्या लाइनवर इलेक्ट्रिशियनच्या टेपची पट्टी चिकटवा आणि लाइन परत गुंडाळा. गुंता कितीही झाला तरी पट्टीच्या खाली जात नाही. पाण्यावर जाण्याआधी मात्र ती पट्टी आठवणीने काढा. मोठ्या माशाने लाइन ओढत नेली तर ती नेमकी त्या पट्टीपाशी अडते.