‘ब्लेझ बेलीने आयर्न मेडन बुडवलं’: या दाव्यात खरं किती?

मेटल ऐकणाऱ्यांच्या गप्पांत आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या गायकांबद्दल एक विधान हमखास फिरतं: ‘ब्रूस डिकिन्सन गेला, ब्लेझ बेली आला आणि आयर्न मेडन बुडालं. बाकी बँड तोच, वाजवणं तेच, फक्त गळा चुकीचा. ब्रूस परतला आणि गाडी रुळावर आली. मधल्या काळातलं एकही गाणं टिकलं नाही.’ १९९४ ते १९९९ या काळाचा हा निकाल ब्लेझवर अन्याय करतो. शिवाय गायक बदलल्यावर बँडमध्ये नेमकं काय काय हलवावं लागतं, हेही त्यामुळे झाकलं जातं. म्हणून एकेक तुकडा तपासू.

‘बाकी बँड तोच होता.’ नव्हता. गिटारिस्ट आणि गीतकार एड्रियन स्मिथ १९९० मध्येच बाहेर पडला होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९८१ च्या ‘किलर्स’पासून १९९२ च्या ‘फिअर ऑफ द डार्क’पर्यंत प्रत्येक अल्बमचा निर्माता असलेला मार्टिन बर्च याच सुमारास निवृत्त झाला. ब्लेझचे दोन्ही अल्बम, ‘द एक्स फॅक्टर’ (१९९५) आणि ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ (१९९८), बँडचा बासवादक आणि संस्थापक स्टीव्ह हॅरिस आणि नायजेल ग्रीन यांनी हॅरिसच्या एसेक्समधल्या बार्नयार्ड स्टुडिओत केले. म्हणजे गायकाबरोबर मिक्सिंगच्या टेबलावरचा माणूसही बदलला. ‘द एक्स फॅक्टर’ ऐकताना जो कोरडेपणा जाणवतो, गिटारी पातळ आणि मागे, बास पुढे, गळ्याभोवती मोकळी जागाच नाही, तो ब्लेझच्या घशातून आलेला नाही.

इथे एक तांत्रिक बाब आहे. ब्रूसचा सूर डिस्टॉर्शन दिलेल्या (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत केलेल्या) गिटारींच्या भरीव भागाच्या वर तरंगतो. ब्लेझचा आवाज भारी आणि खालचा, त्याचा जोर साधारण २०० ते ४०० हर्ट्झमध्ये, म्हणजे जिथे दोन गिटारी आणि बासचे वरचे स्वर आधीच दाटीने बसलेले असतात. अशा गायकासाठी गिटारींचा २५० ते ४०० हर्ट्झचा पट्टा दोनतीन डेसिबलने खाली घ्यावा लागतो, शब्द कळावेत म्हणून २.५ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपासही जागा करावी लागते, आणि ओळ चालू असताना बासची खडखड थोडी आवरावी लागते. हे केलं नाही की ऐकणारा म्हणतो, ‘गायकाच्या आवाजात दम नाही.’ दम असतो, पण तो गिटारींखाली दबलेला असतो.

‘गळाच चुकीचा.’ खरा वाद इथे आहे. ब्लेझ बॅरिटोन, म्हणजे मधल्या-खालच्या पुरुषी आवाजाचा आहे, ब्रूस टेनर, म्हणजे उंच आवाजाचा. छातीचा आवाज आणि डोक्याचा आवाज जिथे सांधतात ती जागा बॅरिटोनमध्ये साधारण पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी तीनला येते, ३३० हर्ट्झच्या आसपास. टेनरमध्ये ती पांढरी पाचला, ३९२ हर्ट्झजवळ. फरक दीड स्वराचा, म्हणजे तीन पट्ट्यांचा. कागदावर किरकोळ वाटतो, पण मेडनच्या ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांत लांबवलेले स्वर नेमके या सांध्याच्या वर आहेत. एखादा उंच स्वर क्षणभर गाठणं वेगळं आणि दीड-दोन तासांच्या कार्यक्रमात तिथेच मुक्काम ठोकणं वेगळं. बॅरिटोनपुढे तिथे दोनच वाटा उरतात. छातीचा आवाज रेटत वर न्यायचा, मग काही रात्रींत स्वरतंतू सुजतात, घसा बसतो आणि थकलेला सूर खाली उतरायला लागतो. किंवा फॉल्सेटोत, म्हणजे कृत्रिम बारीक आवाजात जायचं, मग आवाज पातळ होतो आणि ड्रम्सखाली गडप होतो. त्यात मॉनिटरमध्ये (रंगमंचावर गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही की गायक नकळत आणखी जोर लावतो. त्या दौऱ्यांत घशाच्या त्रासामुळे काही कार्यक्रम रद्द करावे लागले, हे खरं आहे. ‘हॅलोड बी दाय नेम’ किंवा ‘द ट्रूपर’ गाताना ब्लेझ अडखळायचा, हेही खरं.

पण ती गाणी त्याला मूळ पट्टीतच का गायला लावली? भजनी मंडळात बुवा बदलला की पेटीवाला आधी पट्टी विचारतो. मेडनने मात्र गिटारी नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच ठेवल्या, सर्वांत खालची तार पांढरी तीनला. ‘रॅथचाइल्ड’सारखी, ब्रूसच्या आधीचा गायक पॉल डियानो याच्या काळातली गाणी ब्लेझच्या गळ्यात सहज बसायची. त्रास व्हायचा तो ब्रूससाठी रचलेल्या गाण्यांत. म्हणजे दोष गळ्यात कमी आणि पट्टीच्या हट्टात जास्त, असं माझं ठाम मत आहे.

पट्टी उतरवणं फुकटात होत नाही, हेही मान्य करायला हवं. मेडनची बरीच गाणी मोकळ्या खालच्या तारेवर उभी आहेत. त्यामुळे बोटं सरकवून पट्टी बदलता येत नाही, सगळ्या तारा सैल कराव्या लागतात. एक पट्टी उतरवली तर तारेचा ताण सुमारे ११ टक्के घटतो, दोन उतरवल्या तर २० टक्क्यांहून थोडा जास्त, तीन उतरवल्या तर जवळपास ३० टक्के. एका पट्टीला जुन्या तारा चालून जातात. दोनसाठी ९–४२ चा संच (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) काढून १०–४६ चा लावायचा, तीनसाठी ११–४९. मग ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) तपासायचा आणि प्रत्येक सॅडलवर, म्हणजे तार टेकते त्या तुकड्यावर, इंटोनेशन नव्याने जुळवायचं, म्हणजे तार वरपासून खालपर्यंत सुरात येईल असं करायचं. तरंगता फ्लॉइड रोझ (स्प्रिंगांवर तोललेला, हलणारा ब्रिज) असेल तर तारांचा नवा ताण आणि मागच्या स्प्रिंगा यांचा तोल पुन्हा साधायचा. तो चुकला तर ब्रिज तिरका बसतो, आणि अशा ब्रिजवर एक तार लावताना बाकीच्या पाचही हलतात. दोन्ही पट्ट्यांतली गाणी एकाच कार्यक्रमात हवी असतील तर प्रत्येकाला गिटारींचा दुसरा जोड लागतो.

बासचं दुखणं निराळं. हॅरिस ५०–११० च्या जाड फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा बोटांनी जोरात वाजवतो आणि तार फ्रेटवर आपटून येणारी खडखड ही त्याची ओळख आहे. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत त्याच्या घोडदौडीतले (टापांसारख्या ठेक्यातले) दोन जलद आघात एकमेकांपासून जेमतेम ९४ मिलिसेकंदांवर पडतात. तार सैल झाली की ती दोन आघातांच्या मध्ये सावरत नाही, खडखड वाढते आणि सूर गढूळ होतो. पट्टी न उतरवण्याला एवढं कारण नक्कीच होतं. पण मग त्याची किंमत गायकाच्या घशाने मोजली, असंही स्पष्ट म्हणायला हवं.

‘वाजवणं तेच राहिलं.’ ‘द एक्स फॅक्टर’ पहिल्यापासून ऐका. पहिलंच गाणं ‘साइन ऑफ द क्रॉस’ अकरा मिनिटांचं, सुरुवात मठातल्या सामूहिक मंत्रोच्चारांसारख्या स्वरांनी, मग ब्लेझ जवळजवळ पुटपुटत खालच्या पट्ट्यात येतो. ‘फॉर्च्युन्स ऑफ वॉर’मध्येही संथ, स्वच्छ गिटारीची सुरुवात आणि हळूहळू चढणारा आवाज. ब्रूसच्या बँडने हे असं लिहिलं नसतं. तेव्हा हॅरिसचा संसार मोडत होता, त्याची छाया शब्दांवर आहेच, पण चाली नव्या गळ्याच्या मापाने बेतल्या आहेत. जिथे मापाने बेतल्या तिथे ब्लेझ उत्तम गातो. ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ मात्र मला कमकुवत वाटतो. ‘द एंजल अँड द गॅम्बलर’ जवळपास दहा मिनिटं चालतं आणि त्यात तीच ओळ इतक्यांदा येते की कोणताही गायक ती तारू शकला नसता. तो रचनेचा दोष आहे.

गायकाप्रमाणे चाल बदलते याचं जुनं उदाहरण ब्लॅक सब्बाथ हा दुसरा ब्रिटिश मेटल बँड. ‘आयर्न मॅन’मध्ये त्यांचा पहिला गायक ऑझी रिफच्याच (गिटारीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याच्याच) सुरांवर गातो. १९८० च्या ‘हेवन अँड हेल’वर त्याच्या जागी आलेला रॉनी जेम्स डिओ रिफपासून सुटी चाल घेतो, म्हणून गिटारिस्ट टोनी आयोमीला त्याखाली कॉर्ड्सची वेगळी मांडणी करता आली. शब्द लिहिण्याचं कामही बासवादक गीझर बटलरकडून डिओकडे गेलं.

‘ब्रूस परतला आणि गाडी रुळावर आली.’ १९९९ मध्ये ब्रूसबरोबर स्मिथही परतला आणि स्मिथच्या जागी आलेला यानिक गर्सही राहिला, म्हणजे गिटारी तीन झाल्या. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (२०००) बार्नयार्डमध्ये नव्हे, पॅरिसमध्ये केव्हिन शर्लीने केला, बराचसा सगळ्यांना एकत्र वाजवायला लावून. इतकं बदलल्यावर श्रेय एका गळ्याला देणं चूक आहे.

‘त्या काळातलं एकही गाणं टिकलं नाही.’ १ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजले तेव्हा ब्लेझच्या काळातलं एकही गाणं झालं नाही, पण तो दौराच ऐंशीच्या दशकाच्या आठवणींसाठी आखलेला होता. ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ जानेवारी २००१ च्या रिओमधल्या कार्यक्रमात ब्रूसने गायली, ती ध्वनिमुद्रिकेवर आहेत. २००३ च्या डॉर्टमुंडच्या ध्वनिमुद्रणात ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ आहे. २०१८ ला सुरू झालेल्या ‘लेगसी ऑफ द बीस्ट’ दौऱ्यात पहिली दोन पुन्हा आली. ट्यूनिंग न बदलता ती ब्रूसला जमतात, कारण टेनरला बॅरिटोनचं गाणं गाताना सांधा ओलांडून वर राहावं लागत नाही. ब्लेझला उलट दिशेने जायचं होतं.