जुना फोन, नवी गाडी आणि ‘व्हर्जन जुळत नाही’ हा गैरसमज

व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये एक मेसेज फिरतो. गाडी नवी आणि फोन पाच-सहा वर्षांचा असेल तर हँड्सफ्री कॉल नीट चालणारच नाही, असं त्यात म्हटलेलं असतं. कारणंही दिलेली असतात: दोघांचं ब्लूटूथ व्हर्जन जुळत नाही; गाणी वाजतात पण कॉल येत नाही, म्हणजे फोनचं ‘कॉलिंग ब्लूटूथ’ गेलं; समोरच्याला आवाज जात नाही, म्हणजे फोनचा माईक गेला; नावं दिसत नाहीत, म्हणजे फोनचं सॉफ्टवेअर जुनं. शेवटी सल्ला असतो की फॅक्टरी रीसेट मारा, नाहीतर फोन बदला. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि त्यावर विसंबून लोक चालता फोन टाकून देतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ. खाली दिलेलं सगळं गाडी बाजूला उभी करून, हँडब्रेक ओढून करायचं आहे.

‘ब्लूटूथ व्हर्जन जुळत नाही’

४.२ व्हर्जनचा फोन आणि ५.० व्हर्जनची गाडी यांची जोडी व्यवस्थित जमते. हँड्सफ्री कॉल ‘क्लासिक’, म्हणजे मूळच्या ब्लूटूथवर चालतो आणि नवी उपकरणं जुन्यांशी बोलतील अशीच त्याची रचना आहे. २०१० मध्ये ४.० सोबत कमी वीज खाणारी एक वेगळी शाखा आली. ५.० चा जाहिरातीतला वाढीव वेग आणि पल्ला त्या शाखेचा आहे. गाडीतल्या नेहमीच्या कॉलशी त्याचा संबंध नाही.

कॉलच्या बाबतीत महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे, तो म्हणजे हँड्सफ्री प्रोफाइलचा, अर्थात एचएफपीचा (ब्लूटूथवरून कॉल कसा चालवायचा याचे ठरलेले नियम). २०११ च्या एचएफपी १.६ मध्ये रुंद पट्ट्याचा आवाज आला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ८,००० ऐवजी १६,००० नमुने, त्यामुळे आवाज जास्त स्पष्ट. फोन किंवा गाडी यांपैकी एकाला हे जमत नसेल तर दोघं आपोआप जुन्या पद्धतीवर उतरतात. आवाज जुन्या लँडलाइनसारखा दबका येतो, पण कॉल तुटत नाही. फोन कानाला लावल्यावर स्वच्छ येणारा आवाज गाडीत दबका वाटला, तर अडसर गाडीच्या स्टीरिओचाही असू शकतो.

व्हर्जनचा फरक डोळ्यांना दिसतो तो पेअर करताना, म्हणजे फोन आणि गाडी पहिल्यांदा एकमेकांना जोडताना. २००७ च्या २.१ पासून दोन्ही स्क्रीनवर सहा आकडी क्रमांक येतो आणि तो जुळतो का एवढंच पाहून ‘होय’ म्हणायचं असतं. त्याआधीची उपकरणं पिन मागतात, बहुधा ०००० किंवा १२३४. आणि ‘ब्लूटूथ व्हर्जन अपडेट’ करून देतो म्हणणारी ॲप्स डाउनलोड करू नका. व्हर्जन चिप आणि फोन कंपनीच्या सॉफ्टवेअरवर ठरतं, ॲपला ते बदलता येत नाही.

‘गाणी वाजतात, कॉल येत नाही, म्हणजे कॉलिंग ब्लूटूथ गेलं’

असा वेगळा भाग फोनमध्ये नसतोच. चिप एक, अँटेना एक. त्यावरून वेगवेगळ्या सेवा चालतात. गाण्यांसाठी ए२डीपी, कॉलसाठी एचएफपी, फोनबुकसाठी पीबीएपी. प्रत्येक सेवा स्वतंत्रपणे चालू-बंद होते. गाणी वाजली याचा अर्थ रेडिओ धडधाकट आहे आणि कॉलची सेवा तेवढी कुठेतरी बंद आहे.

अँड्रॉइडवर सेटिंग, मग ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’ किंवा ‘ब्लूटूथ’, मग गाडीच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह. तिथे ‘फोन कॉल’, ‘मीडिया ऑडिओ’ आणि ‘संपर्क शेअरिंग’ अशी बटणं असतात (कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात). पहिलं बंद असेल तर चालू करा. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीत ‘टच’खाली ‘कॉल ऑडिओ राउटिंग’ असतं. ते ‘आपोआप’वर ठेवा. तिथे ‘स्पीकर’ निवडलेला असेल तर गाडी जोडलेली असूनही आवाज फोनमधूनच येतो.

बटण चालूच असेल तर हाताकडे पाहा. कॉलिंगची सोय असलेली स्वस्त स्मार्ट घड्याळं आता खूप जणांच्या मनगटावर असतात. त्यांतली बरीचशी फोनच्या यादीत दोनदा दिसतात, एकदा ॲपसाठी आणि एकदा कॉलसाठी. कॉलवाली जोडणी घड्याळाने धरून ठेवली की कॉल उचलल्यावर आवाज गाडीऐवजी मनगटावर येऊ शकतो. घड्याळाच्या त्या दुसऱ्या नावासमोरचं ‘फोन कॉल’ बंद करा. पावलं मोजणं आणि सूचना येणं चालूच राहतं.

गाडीच्या बाजूलाही दोन गोष्टी तपासायच्या. अनेक स्टीरिओंमध्ये एक फोन ‘फोन’ म्हणून आणि दुसरा ‘म्युझिक’ म्हणून जोडता येतो. घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन आधी जोडला गेला की तुमच्या वाट्याला फक्त गाणी उरतात. शिवाय स्टीरिओत साठवायच्या फोनची संख्या मर्यादित असते. यादी भरली की काही स्टीरिओ काहीही न सांगता नवा फोन नाकारतात. जुने, विकलेले, पाहुण्यांचे फोन यादीतून काढून टाका.

आता सर्वांत जास्त चकवणारा प्रकार. कॉल येतात, पण गाडीच्या स्क्रीनवरून लावलेला कॉल जातच नाही. फोनमध्ये दोन सिम असतात आणि कॉलसाठी ‘दर वेळी विचारा’ असं ठेवलेलं असतं. गाडीने नंबर लावायला सांगितला की फोन खिशात, बंद स्क्रीनवर ‘कोणतं सिम?’ असं विचारत बसतो. सिमच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी एक सिम ठरवून टाका.

आणि कॉल उचलला जातो, स्क्रीनवर सेकंद पळतात, पण दोन्हीकडे शांतता असते, असं का? उचलणं-ठेवणं या आज्ञा एका वाटेने जातात आणि आवाजासाठी कॉलच्या वेळी दुसरी वाट उघडते. ती दुसरी वाट उघडली नाही की असं होतं. कॉल चालू असताना फोनच्या स्क्रीनवर आवाज आधी ‘फोन’वर आणि मग पुन्हा ‘ब्लूटूथ’वर न्या. आवाज आला, तर दोष जोडणीत आहे आणि पुढचा मुद्दा त्यावरच आहे.

‘पुन्हा पेअर करूनही तेच, म्हणजे फोनच खराब’

बहुतेक जण फोनमधून गाडीचं नाव काढतात आणि लगेच पुन्हा जोडतात. हे अर्धंच काम झालं. पेअर करताना फोन आणि गाडी एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती दोघांकडे साठते. गाडीकडे जुनी नोंद राहिली की नव्या किल्लीशी तिचा मेळ बसेलच असं नाही. काही स्टीरिओ अर्धवट जोडतात आणि काही जोडून लगेच सोडतात. उलटही होतं. स्टीरिओ रीसेट झाला की गाडी फोनला ओळखत नाही, पण फोन मात्र ‘पेअर्ड’ असंच दाखवत राहतो.

योग्य क्रम असा. आधी गाडीच्या यादीतून फोन काढा. मग फोनमधून गाडी ‘विसरा’. फोन पूर्ण बंद करून सुरू करा. गाडी बंद करा, दार उघडून बाहेर या, लॉक करा आणि पाचेक मिनिटं थांबा. इंजिन बंद केल्यावर बरेच स्टीरिओ फक्त झोपतात, खरोखर बंद होत नाहीत. मग गाडी सुरू करून स्टीरिओचा पेअरिंगचा पडदा उघडा, फोनच्या ब्लूटूथ सेटिंगचा पडदाही उघडा ठेवा आणि जोडा. संपर्क आणि कॉल इतिहास पाहू द्यायचा का, असा प्रश्न येईल. त्यावर खूण करा. एवढ्याने झालं नाही तर अँड्रॉइडवर ‘सिस्टीम’मधल्या रीसेटच्या पर्यायांत वायफाय, मोबाइल आणि ब्लूटूथ एवढंच रीसेट करण्याची सोय असते, आयफोनवर ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’. यात वायफायचे पासवर्ड आणि जुन्या जोडण्या जातात. फोटो, मेसेज, ॲप्स तशीच राहतात.

‘समोरच्याला ऐकू येत नाही, फोनचा माईक गेला’

हा दावा पूर्ण उलटा आहे. आवाज गाडीवर असताना फोनचा माईक वापरलाच जात नाही. तुमचं बोलणं गाडीचा माईक उचलतो. तपासणीही सोपी आहे. शेजारच्या सीटवरच्या माणसाला सांगा, कॉल चालू असताना आवाज फोनवर घ्यायचा. आता समोरच्याला स्पष्ट ऐकू आलं तर फोन निर्दोष आहे.

कंपनीने बसवलेला माईक बहुधा छतावर, आतल्या दिव्याजवळच्या बारीक छिद्रांमागे असतो. धूळ, छताच्या कापडावर मारलेला क्लीनर किंवा तिथे चिकटवलेली एखादी वस्तू ती छिद्रं बुजवते. काचेवर हवा मारणारा एसी आणि जोरातला ब्लोअरही त्याच भागात घोंघावतो. कॉलच्या वेळी ब्लोअर दोनवर आणा, हवेचा झोत पायाकडे वळवा आणि फरक पाहा.

बाहेरून बसवलेल्या स्टीरिओत दोष बहुतेकदा बसवण्यातच असतो. पुढच्या पट्टीवरच्या छोट्या छिद्रातला माईक तोंडापासून दूर आणि स्पीकरच्या आवाजात असतो. सोबत आलेला वायरचा माईक कारागीर पुष्कळदा डॅशबोर्डच्या मागे कोंबून टाकतो. तो बाहेर काढा आणि स्टीअरिंग कॉलमवर किंवा चालकाच्या बाजूच्या खांबावर, तोंडापासून अर्ध्या मीटरच्या आत, स्पीकरपासून लांब लावा. वायर एअरबॅगवरून नेऊ नका. खांबावर ‘एअरबॅग’ लिहिलेलं असेल तर तो खांब सोडून स्टीअरिंग कॉलमच घ्या. त्यानंतर स्टीरिओच्या सेटिंगमध्ये ‘बाहेरचा माईक’ निवडावा लागतो का ते बघा. हा पर्याय राहून गेला तर वायर लावूनही उपयोग होत नाही.

प्रतिध्वनीसाठी एक नियम लक्षात ठेवा: ज्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, दोष त्याच्याकडे नसतो, समोरच्याकडे असतो. गाडीच्या स्पीकरमधून आलेला समोरच्याचा आवाज गाडीचा माईक पुन्हा उचलतो. स्टीरिओ तो ओळखून वजा करत असतो, पण आवाज खूप मोठा असला किंवा स्पीकर फाटत असला तर हिशेब चुकतो. बाहेरचा ॲम्प्लिफायर लावलेल्या गाड्यांत हे जास्त होतं, कारण आवाजात झालेला बदल स्टीरिओला कळत नाही. कॉलचा आवाज गाण्यांच्या आवाजापेक्षा वेगळा साठतो, म्हणून तो कॉल चालू असतानाच कमी करा. माईकची संवेदनशीलता बदलायची सोय असेल तर तीही एक पायरी खाली आणा.

आवाज तुटक, धातूसारखा येत असेल तर फोनचं हॉटस्पॉट बंद करून पाहा. ब्लूटूथ आणि बरंचसं वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतं, आणि जुन्या फोनमध्ये दोघांना एकाच अँटेनावर भागवावं लागू शकतं. फोनला जमत असेल तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर न्या.

‘नावं दिसत नाहीत, सॉफ्टवेअर जुनं’

कॉल येतो तेव्हा फोन हँड्सफ्रीच्या वाटेने गाडीला मुख्यतः नंबर कळवतो. नाव गाडी स्वतःच्या उतरवून घेतलेल्या यादीत शोधते. यादी उतरली नसेल तर नंबरच दिसणार. ‘संपर्क शेअरिंग’ चालू करा आणि स्टीरिओच्या फोनबुकमध्ये ‘रिफ्रेश’ किंवा ‘डाउनलोड’ असेल तर तो दाबा. हजारो संपर्क असतील तर वेळ लागतो, आणि काही स्टीरिओ ठरावीक संख्येनंतर पुढचे संपर्क घेतच नाहीत.

मराठीत नावं साठवणाऱ्यांना चौकोन दिसतात किंवा जागा रिकामी दिसते. त्याचं कारण गाडीच्या स्क्रीनवर देवनागरी फॉन्ट नसणं हे आहे. फोन बदलूनही चौकोन तसेच राहतील. फार तर गाडीतून नेहमी लागणाऱ्या दहा-बारा जणांची नावं रोमन लिपीत ठेवा.

‘केबल लावा, ब्लूटूथची कटकटच नको’

हे आयफोनच्या कारप्लेबाबत (फोनमधला नकाशा, गाणी, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) बरोबर आहे. केबल लावली की कॉलचा आवाजही केबलमधूनच जातो. अँड्रॉइड फोनवरची अशीच सोय म्हणजे अँड्रॉइड ऑटो, तिच्यात तसं नाही. नकाशा आणि गाणी केबलमधून येतात, पण कॉल ब्लूटूथच्या हँड्सफ्रीवरूनच जातो. त्यामुळे केबल लावूनही कॉलचा दोष जसाच्या तसा राहतो. तो वरच्याच मार्गाने काढावा लागतो.

‘फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर नवा फोन घ्या’

फॅक्टरी रीसेटने यूपीआयची नोंदणी, बँकेची ॲप्स, ओटीपी देणारी ॲप्स हे सगळं नव्याने उभं करावं लागतं, आणि गाडीतली जुनी नोंद मात्र तिथेच राहते. त्यापेक्षा दोन चाचण्या करा. तुमचा फोन दुसऱ्या गाडीला किंवा ब्लूटूथ हेडसेटला जोडून एक कॉल. आणि दुसरा कुठलाही फोन तुमच्या गाडीला जोडून एक कॉल. दोष फोनबरोबर गेला तर फोन तपासा. गाडीत राहिला तर सर्व्हिस सेंटरला जा.

जुना फोन खरोखर अडतो अशा जागा आहेत, पण त्या कमी. अँड्रॉइड ऑटोला लागणारं किमान अँड्रॉइड फोनमध्ये नसेल तर अँड्रॉइड ऑटो मिळणार नाही. साधा हँड्सफ्री कॉल तरीही चालेल. फोनमध्ये व्होल्टी (४जीवरून साधा कॉल करण्याची सोय) नसेल तर फक्त ४जी असलेल्या नेटवर्कवर साधा कॉल लागणारच नाही, मग गाडी असो वा नसो.

सर्व्हिस सेंटरला जाताना ‘ब्लूटूथ चालत नाही’ एवढंच सांगू नका. स्टीरिओच्या ‘अबाउट’मधला सॉफ्टवेअर क्रमांक, फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइड किंवा आयओएसचा क्रमांक लिहून न्या. आवाज कोणाला येत नाही, तुम्हाला की समोरच्याला, हे सांगा. दुसऱ्या फोनवरही तसंच होतं का हे तिथल्या माणसासमोर जोडून दाखवा, आणि स्टीरिओसाठी नवं सॉफ्टवेअर आलं आहे का हे जॉबकार्डवर लेखी विचारा.