बारीक तारा लावल्याने टॅपिंग जमत नाही

बेस गिटारवर टॅपिंग (तार न छेडता ती बोटाने फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्टीवर, आपटून वाजवणं) शिकायला निघालेल्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो: मिळतील त्या सर्वांत बारीक तारा लावा, ॲक्शन (तार आणि फ्रेट यांतलं अंतर) तार फ्रेटला टेकेल इतकी खाली न्या, तारा स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, उरलेलं कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी करणारं उपकरण) बघून घेईल. हा सल्ला इतक्या खात्रीने पुढे पाठवला जातो, की त्यापायी चांगले बेस बिघडतात आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्या बोटांतच दम नाही. म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

आधी तारांची जाडी. बारीक तारेला बोटाचा जोर कमी लागतो, एवढं खरं. पण 34 इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी) आणि सूर तोच ठेवून 'जी'ची, म्हणजे सर्वांत बारीक, 45 ची (इंचाचे हजारावे भाग) तार काढून 40 ची लावली, तर ताण जवळजवळ पाचव्या भागाने उतरतो. कमी ताणाची तार तेवढ्याच आघाताला जास्त रुंद झुलते, आणि जास्त झुलणाऱ्या तारेला फ्रेटपासून जास्त मोकळी जागा लागते. म्हणजे सल्ल्याचं पहिलं वाक्यच दुसऱ्याला खोडून काढतं. तार बारीक केली आणि ॲक्शनही तळाला नेली, की खरखर आलीच. शिवाय ताण उतरल्यावर तारांची नेकवरची ओढही कमी होते. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई, मात्र आधीच्या, जास्त ताणाला तोंड देईल अशी आवळलेली असते. मग नेक सपाट होते किंवा उलट्या बाजूला वाकते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खरखर करू लागते. सेटचं गेज (तारांची जाडी) बदललं आणि ट्रस रॉड तपासला नाही, तर काम अर्धंच झालं.

आता वाजवणारे काय लावतात ते पाहा. बेसवादक व्हिक्टर वूटन हलक्या, 40 ते 95 च्या तारा वापरण्यासाठी ओळखले जातात. दुसरे बेसवादक बिली शीहन यांच्या नावाने तारा बनवणाऱ्या रोटोसाउंडने काढलेल्या सेटमध्ये 'ई'ची, म्हणजे सर्वांत जाड, तार 110 ची आहे, म्हणजे नेहमीच्या 105 पेक्षाही जाड. दोघांचंही टॅपिंग लख्ख ऐकू येतं. गेज ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे ठरवावं. 45 ते 105 च्या सेटची सवय असेल तर टॅपिंगसाठी तो सोडायची काहीच गरज नाही.

ॲक्शनबद्दलचा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. टॅपिंगमध्ये तार छेडली जात नाही. बोट वरून येऊन तिला फ्रेटवर आपटतं आणि आवाजाची ताकद त्या आपटण्याच्या वेगातून येते. तार फ्रेटच्या अंगालाच चिकटलेली असेल, तर तिला वेग घ्यायला जागाच उरत नाही. स्वर लागतो, पण किरकोळ, आणि हलका आघात आणि जोरकस आघात यांतला फरक जवळजवळ पुसला जातो. गिटार बनवणाऱ्या फेंडरच्या शिफारशीप्रमाणे 9.5 ते 12 इंच रेडियसच्या (नेकच्या पृष्ठभागाचा आडवा गोलावा) बेसवर 17 व्या फ्रेटपाशी 'ई'खाली सुमारे 2.4 मिमी आणि 'जी'खाली 2 मिमी अंतर असावं, नेकचा बाक 0.3 मिमी. टॅपिंगसाठी याहून खाली यावं, हे मलाही मान्य आहे. माझ्या मते 'ई'ला 2, 'जी'ला दीडच्या आसपास आणि बाक 0.2 मिमी ही सुरुवात चांगली. त्याखाली जाता येईल की नाही, हे फ्रेट ठरवतात. उजवा हात बाराव्या फ्रेटच्या पुढे चालतो, आणि नेक बॉडीला जिथे बसते तिथले शेवटचे फ्रेट अनेक बेसवर किंचित वर आलेले असतात. तिथे ट्रस रॉडचा उपयोग होत नाही. फ्रेट लेव्हल करूनच घ्यावे लागतात. नव्या तारांच्या चार सेटवर पैसे घालवण्याआधी हे एक काम करून घ्या, फरक लगेच हाताला कळेल. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात लाकूड ओल धरून हलतं, तेव्हा मे महिन्यातला सेटअप जुलैत पुन्हा तपासा.

इथे कुणीतरी चॅपमन स्टिक या तारवाद्याचा दाखला देतं. एमेट चॅपमन यांनी 1969 मध्ये दोन हातांनी टॅप करायची आपली पद्धत शोधली आणि 1974 पासून हे वाद्य विकायला सुरुवात केली. त्याची ॲक्शन खरोखर फारच खाली असते. पण स्टिक फक्त टॅप करण्यासाठीच घडवलेलं आहे. बेसवर त्याच गाण्यात आधी बोटांनी तार छेडायची असते, कधी स्लॅपही (अंगठ्याने तारेवर आपटणं) मारायचा असतो, आणि तिथे तेवढी खाली नेलेली ॲक्शन तग धरत नाही.

स्टीलचा मुद्दा लवकर संपतो. स्टील राउंडवाउंड (गोल तारेचे वेढे असलेल्या) तारांचा आवाज चमकदार असतो, मात्र त्यांनी नेहमीच्या फ्रेटची झीज जास्त होते. निकेल चढवलेल्या राउंडवाउंडवरही टॅपिंग स्पष्ट ऐकू येतं. फ्लॅटवाउंडवर (चपट्या वेढ्यांच्या तारांवर) मात्र ते बोथट वाटतं, हे खरं. धातूपेक्षा तारांचं वय महत्त्वाचं: वेढ्यांत घाम आणि मळ साचला की वरचे सूर मरतात, तार कुठल्याही धातूची असो.

राहिला कॉम्प्रेसर, आणि माझा खरा राग इथे आहे. बोटाने तार फ्रेटवर दाबली की ती दोन्ही बाजूंनी हलते, ब्रिजकडे (बॉडीवरच्या टोकाकडे) आणि नटकडेही (नेकच्या वरच्या टोकाकडे). बोट उचललं की उघडी तार वाजत राहते, शेजारच्या तारा सूर धरतात. कॉम्प्रेसर हळू आवाज वर उचलतो, म्हणजे हा सगळा कचराही वर उचलतो. म्हणून आधी नटजवळ डॅम्पर (नको असलेला आवाज दाबणारी पट्टी) हवा. वूटन तिथे केसांचा बँड बांधतात. स्टिकला तर डॅम्पर मुळातच बसवलेला असतो. मऊ कापडाची पट्टी गुंडाळली तरी चालते, फक्त ती सरकवून बाजूला करता आली पाहिजे. त्यानंतर कॉम्प्रेसर लावा, त्याचा अटॅक (तो आवाज दाबायला सुरुवात करण्याचा वेग) जरा संथ ठेवा, नाहीतर बोट आदळताना उठणारी धार तोच खाऊन टाकतो.

आणि कारागिराकडे बेस देताना 'ॲक्शन खाली करा' एवढंच सांगू नका. कुठलं गेज लावणार, बोटांनी किती वाजवता, स्लॅप मारता का आणि टॅपिंग कुठल्या फ्रेटवर चालतं, हे त्याच्यासमोर वाजवून दाखवा.