इन्क्विझिशनचा जाब लिस्बनला विचारा

डिसेंबर आला की आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर सेंट फ्रान्सिस झेवियर या सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या कॅथलिक मिशनऱ्यावरून भांडण ठरलेलं. ३ तारखेला जुन्या गोव्यात फेस्त असतं, त्याच्या आसपास कोणीतरी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणाऱ्या कॅथलिक कोर्टाचा, व्हिडिओ टाकतं, मग दुसरं कोणीतरी कॉन्व्हेंट शाळांची आठवण करून देतं, आणि शेवटी कोणीतरी रागावून ग्रुप सोडतं. २०२४ मध्ये जुन्या गोव्यात जपलेल्या त्याच्या शवाच्या प्रदर्शनाआधी तर झेवियरच्या अवशेषांची डीएनए टेस्ट करा अशी मागणी झाली आणि गोव्यात लोक रस्त्यावर उतरले. मी हे सगळं लिस्बनमध्ये बसून वाचते, जिथून तो माणूस १५४१ च्या एप्रिलमध्ये जहाजात चढला, आणि दरवर्षी वाटतं की आपण जाब विचारतोय तो भलत्याच लोकांना.

जाब विचारूच नये असं मी म्हणत नाही. आमचं कुलदैवत मंगेशी. मूळ देऊळ कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला, आणि १५६० मध्ये देव नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला कारण तो भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या हातात नव्हता. त्यामुळे "जुनं कशाला उकरता" हा सल्ला मला अजिबात पटत नाही.

पण उकरायचं तर नीट उकरा ना. झेवियरने १५४६ मध्ये अंबोन बेटावरून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन मागितलं हे खरं आहे, त्याचे भक्त ते सांगत नाहीत. त्याच्या डोळ्यासमोर तेव्हा मुख्यतः बाप्तिस्मा घेऊनही जुना ज्यू किंवा मुस्लिम धर्म पाळणारे लोक होते, आणि तो वारला १५५२ मध्ये, चीनच्या किनाऱ्याजवळ, गोव्यात कोर्ट बसलं १५६० मध्ये, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. त्याच राजाला लिहिलेल्या पत्रांत त्याने पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लुटीबद्दल तक्रारी केल्यात, त्या तर कोणीच सांगत नाही.

मुळात तो काळच कॅथलिक चर्चने स्वतःची झाडाझडती घेण्याचा. मार्टिन ल्यूथरने चर्चविरुद्ध केलेल्या बंडानंतर १५४५ ते १५६३ चर्चची ट्रेंटची परिषद चालली, पाद्री घडवणाऱ्या शाळा, म्हणजे सेमिनरी, काढायचं ठरलं, बिशपांनी आपल्याच प्रांतात राहावं असं बजावलं गेलं. १५४० मध्ये जेझुइट या झेवियरच्या मिशनरी संघाला पोपची मान्यता मिळाली. यात खूप काही मनापासूनचं होतं, घरदार सोडून अर्ध्या जगापलीकडे जाऊन मरणाऱ्या माणसांच्या श्रद्धेवर मी शंका घेणार नाही. गडबड झाली ती पाद्रुआदोमुळे. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडे बिशप नेमायचा हक्क दिला आणि मिशनचा खर्चही त्याच्याच गळ्यात घातला. म्हणजे जहाज राजाचं, पगार राजाचा आणि बंदूकही राजाचीच. मग गोव्यात देवळं पाडायचे हुकूम निघाले त्यात धर्म किती आणि सरकार किती हे वेगळं काढायचं कसं?

आणि इन्क्विझिशनने पकडलं कोणाला? लिस्बनच्या नॅशनल लायब्ररीत १६२३ ची एक हस्तलिखित यादी आहे, गोव्याच्या कोर्टाने तोपर्यंत निकाली काढलेल्या ३,८०० खटल्यांची. धर्मांतरात अडथळा आणला म्हणून हिंदूंनाही या कोर्टाने छळलं, पण त्याचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. घरात तुळस ठेवली, भात मीठ न घालता शिजवला, धोतर नेसलं, असल्या गोष्टींवर १७३६ च्या फर्मानाने बंदी घातली ती ख्रिश्चन झालेल्या गोवेकरांवरच. म्हणजे आज ज्या कॅथलिक शेजाऱ्याला आपण "तुमच्या लोकांनी आमच्यावर काय केलं" म्हणून सुनावतो, त्याचेच पूर्वज त्या कोर्टाच्या दहशतीखाली जगत होते, हे ग्रुपवर कितीदा लिहिलं तरी कोणी वाचत नाही.

मातेउश दे कास्त्रोचं नाव तर आपल्याकडे कोणाच्या कानावरही नसतं. दिवाडी बेटावरचा ब्राह्मण ख्रिश्चन मुलगा, पाद्री व्हायचं होतं, पण गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा द्यायला नकार दिला, तर हा सरळ रोमला पोचला. तिथे १६२२ मध्ये पोपने प्रोपगांडा फिदे नावाचं खातं काढलं होतं, मिशनचा कारभार राजांच्या तावडीतून सोडवायला. त्यांनी त्याला शिकवलं, पाद्री केलं आणि १६३७ मध्ये बिशप केलं. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी त्याला बिशप मानलंच नाही म्हणून त्याने आदिलशाही मुलखात, डिचोलीला बस्तान बसवलं, आणि पुढे गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिश्चनांना पोर्तुगीजांविरुद्ध उठा असं लिहून कळवलं. सतराव्या शतकात! हा माणूस "तुमच्या" बाजूचा की "आमच्या"?

इथे रोसियू चौकात जिथे आज नॅशनल थिएटर आहे तिथे इन्क्विझिशनचा राजवाडा होता. शेजारच्या सांव दोमिंगुश चर्चपुढे १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक २००८ मध्ये उभं केलं, मी तिथून बरेचदा जाते आणि मला त्या शहराचं कौतुक वाटतं. पण ते स्मारक ज्यूंचं आहे, गोव्याचं नाही. उलट लिस्बनच्याच बेलें भागात नदीकाठी १९६० सालचं जे भलं मोठं डिस्कव्हरीज स्मारक आहे त्यावर दर्यावर्दींच्या रांगेत झेवियरही कोरलाय, आणि तेव्हा गोवा अजून यांच्याच ताब्यात होता. ऑफिसातल्या लोकांशी बोलताना कळतं की गोव्यातही असं कोर्ट होतं हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, सांगितलं की वाईट वाटतं त्यांना, मनापासून विचारतात.

माफी मागणं पोर्तुगालला जमत नाही असंही नाही. मोझांबिकमधल्या १९७२ च्या विरियामू हत्याकांडाबद्दल २०२२ मध्ये पंतप्रधान आंतोनियो कॉस्टांनी माफी मागितली, आणि त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. मग गोव्याबद्दल आपण का नाही मागणी करत? त्या चौकात गोव्याच्या नावाचा फलक, १६२३ ची यादी मराठी आणि कोंकणीत, इथल्या शाळेच्या पुस्तकांत या विषयाची दोन पानं. पत्राचा मसुदा मी लिहायला घेतलाय, आधी इथल्या गोवेकरांना दाखवीन, कॅथलिक आणि हिंदू दोघांनाही, आणि मग आपल्या ग्रुपवर टाकीन, तेव्हा ज्यांनी ज्यांनी व्हिडिओ फॉरवर्ड केलेत त्यांनी कृपा करून सही करा.